नित्यक्रमात रुळलेले दाम्पत्यजीवन : खानदेशातील आखाजी आणि नोकरदार संसार यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विवाहाचा आरंभ आणि विवाहाचा शेवट या दोन्हींविषयी कायद्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील कलम ७ नुसार जेथे सप्तपदीचा विधी रूढ आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. १९७६ च्या दुरुस्तीने याच अधिनियमात कलम १३-ब समाविष्ट झाले आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची वाट मोकळी झाली. या दोन टोकांच्या मध्ये असलेली तीस-चाळीस वर्षे मात्र कायद्याला दिसत नाहीत. त्या वर्षांत बहुधा मोठा अन्याय घडलेला नसतो, नोंदवावी अशी तक्रारही नसते. असते ती केवळ सवय. परंपरेने सातवे पाऊल सख्यासाठी मानले आहे. हे सख्य सवयीच्या थराखाली हळूहळू कसे झाकले जाते आणि ते पुन्हा उघडे होण्यासाठी कोणत्या परिस्थितीची गरज असते, याचा विचार प्रस्तुत लेखात जामनेर व परिसरातील लोकजीवनाच्या आधारे केला आहे.

या विषयावरील लोकप्रिय लेखन बहुधा उपदेशपर असते. भेटवस्तू द्याव्यात, वाढदिवस लक्षात ठेवावेत, अधूनमधून बाहेर जेवावे अशा सूचनांची त्यात रेलचेल असते. या सूचना चुकीच्या नाहीत; परंतु त्या मूळ कारणापर्यंत पोहोचत नाहीत.

सुखाची सवय होणे

मानसशास्त्रात 'सुखाशी जुळवून घेणे' ही संकल्पना सुपरिचित आहे. अनुकूल बदलाने मिळालेला आनंद काही काळाने ओसरतो व मन आपल्या पूर्वीच्या पातळीवर येऊन स्थिरावते. रिचर्ड लुकास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील २४,००० हून अधिक व्यक्तींची पंधरा वर्षांची माहिती तपासली होती. विवाहाच्या सुमारास समाधान वाढते आणि पुढे साधारण दोन वर्षांत ते सरासरीने पूर्वपदावर येते, असे त्यात आढळले. या निष्कर्षाचा पूर्वार्धच सर्वत्र सांगितला जातो. उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे : सरासरीच्या आड व्यक्तीव्यक्तींमधील फरक फार मोठा होता. काहींचे समाधान वर्षानुवर्षे वाढलेलेच राहिले, तर काहींचे पहिल्यापेक्षाही खाली गेले. म्हणजे ओसरणे हा निसर्गनियम नव्हे. ते घराघरांतील व्यवहारावर अवलंबून असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. नित्यक्रम आणि गृहीत धरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सकाळी ठरलेल्या वेळी चहा मिळणे हा नित्यक्रम होय. तो चहा कोणीतरी उठून केला आहे याचे भान सुटणे म्हणजे गृहीत धरणे. नित्यक्रमावाचून संसार चालत नाही. प्रेम आटते ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. अमेरिकेतील सिॲटल येथे जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे जे निरीक्षण केले त्यातही भांडणांइतकेच लक्ष किरकोळ वाटणाऱ्या क्षणांवर होते. एकाने खिडकीबाहेरचे काही दाखवावे आणि दुसऱ्याने मान वर करून पाहावे किंवा पाहू नये, एवढ्याशा प्रतिसादाचा संबंध त्यांनी सहजीवनाच्या टिकाऊपणाशी जोडला. आपल्याकडे यासाठी 'हूं' हा एक शब्द पुरेसा आहे. वर्तमानपत्रातून, आणि आता मोबाईलमधून, डोके वर न काढता दिलेला 'हूं' आणि समोर पाहून दिलेला 'हूं' यांतील अंतर कोणतीही गृहिणी सांगू शकेल.

आखाजी : वर्षातील एक खंड

खानदेशातील कृषिजीवनाने या गृहीत धरण्याला वर्षातून एकदा अडवण्याची व्यवस्था केलेली होती. ती दाम्पत्यप्रेमासाठी योजलेली नव्हती, हे आधीच नमूद करावयास हवे. तथापि तिचा परिणाम त्या दिशेने होत असे. अक्षय्य तृतीयेला या भागात आखाजी म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात हा दिवस प्रामुख्याने साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ओळखला जातो. खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण आहे. पितरांसाठी घागर भरली जाते, आमरस व पुरणपोळी होते, सांजोऱ्या तळल्या जातात, गौराईची गाणी म्हटली जातात आणि माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यांवर बसतात. पुरुषांची आखाजी पत्त्यांच्या डावात जाते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते तेही याच सुमारास. रब्बीचा हंगाम आटोपलेला असतो, खरिपाची पेरणी दूर असते. शेताला उसंत असते म्हणूनच लेकीला माहेरी धाडणे सासरला परवडत असे.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी 'आखजी' याच नावाची कविता रचली आहे. आसोदे हे त्यांचे माहेर आणि जळगाव हे सासर. दोन्हींत अंतर अगदी थोडे. तरीही त्यांच्या काव्यात माहेराची वाट फार लांबची वाटते. ते अंतर मैलांचे नव्हतेच. वयाच्या तिशीतच वैधव्य आलेल्या या स्त्रीने संसाराविषयी जे रचले त्यात चटके आहेत आणि गोडवाही आहे. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

आता या माहेरपणाचा दांपत्यजीवनाशी असलेला संबंध पाहू. मुराळी येऊन स्त्रीला घेऊन जाई. पंधरा दिवस, कधी महिनाभर ती घरात नसे. या काळात तिच्या कामांची जागा रिकामी दिसू लागे. भाकरी कोण थापते, पाणी कोण भरते, रात्री दार कोण लावते हे प्रश्न ती असताना पडत नसत. तिकडे माहेरी तीही सासरच्या कथा सांगताना नकळत नवऱ्याविषयी बोलू लागे. आधी गाऱ्हाणी, मग थट्टा, मग चौकशी. परतणारी स्त्री तीच असे, परंतु तिच्याकडे पाहणारी नजर काही दिवस तरी वेगळी असे.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. माहेरी जाण्याचा आनंद एवढा मोठा असण्याचे एक कारण सासरी आनंदाला जागा अपुरी होती हेच होते. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोने सर्वांदेखत बोलणे हे मर्यादाभंगाचे लक्षण मानले जाई. परंपरेने खंड दिला, संवाद दिला नाही.

'अप-डाऊन'चा संसार

आजच्या नोकरदार जोडप्याची स्थिती नेमकी उलट आहे. संवादाला आता कोणाचीही बंदी नाही. खंड मात्र उरलेला नाही. जामनेरहून जळगाव, भुसावळ किंवा पाचोऱ्याला रोज ये-जा करणाऱ्यांसाठी 'अप-डाऊन' हा शब्द येथे मराठीच झाला आहे. पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गावरील 'पीजे' गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि तो प्रवास एस.टी. व दुचाकीवर आला. सकाळचे दोन डबे, मुलांची शाळा, सायंकाळची शिकवणी, गृहकर्जाचा हप्ता आणि रात्री दोन स्वतंत्र पडदे अशा क्रमात आखाजीची सुटी ही कॅलेंडरवरील एक लाल तारीख असते. अध्यापकांच्या बाबतीत तर ती नेमकी परीक्षा व उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत येते.

या संसारातील प्रेमाची चर्चा करताना श्रमविभागणीचा मुद्दा टाळला जातो, आणि लोकप्रिय उपदेशाची खरी उणीव येथेच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षे व त्यावरील वयोगटात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के होते. असे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देत. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांचीही जवळपास तेवढीच; दोघांमधील अंतर जसेच्या तसे राहिले. रात्री साडेदहाला ओटा पुसून खोलीत येणाऱ्या स्त्रीकडे प्रसन्न संवादाची अपेक्षा करणे आणि तो न झाल्यास 'लग्नात आता पूर्वीसारखे काही राहिले नाही' असे म्हणणे, यात निदानाची चूक आहे. तेथे प्रेमाच्या आधी झोप कमी पडलेली असते.

मराठी आत्मचरित्रांची साक्ष

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) हे या विषयाचे मराठीतील सर्वांत जिवंत दस्तऐवज म्हणता येईल. खानदेशातील धरणगावचे बालकवी ज्यांच्या घरी पुत्रवत राहिले तेच हे टिळक दाम्पत्य. रेव्हरंड नारायण वामन टिळक लहरी, उदार आणि व्यवहारशून्य. लक्ष्मीबाई हिशेबी आणि तिखट. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व काही वर्षे दोघे दुरावले. पुन्हा एकत्र आल्यावरही भांडणे थांबली नाहीत. परंतु ग्रंथात एक गोष्ट सतत जाणवते : या दोघांना एकमेकांचा कंटाळा कधीच आलेला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे कुतूहलाने पाहतो, चिडतो आणि हसतो. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

याउलट सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या ग्रंथात, बाहेरून सर्वार्थाने यशस्वी दिसणाऱ्या सहजीवनात गृहीत धरले जाण्याची वेदना आहे. या पुस्तकावर त्या काळी जे वादळ उठले त्यात 'एवढ्या मोठ्या माणसाविषयी असे लिहावे का' हाच सूर मोठा होता. लेखिकेला काय म्हणावयाचे आहे, याकडे वाचकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. गृहीत धरणे घरापुरते मर्यादित नसते, याचे हे बोलके उदाहरण होय.

खंड आणि नावीन्य

आर्थर ॲरन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात जोडप्यांचे एका बाजूचे मनगट व घोटा एकमेकांना बांधून, हात वा दात न लावता, एक गोल उशी दोघांच्या अंगांमध्ये धरून गादीवरून रांगत नेण्यास सांगितले होते. कृती हास्यास्पद आणि अवघी सात मिनिटांची. पण ती केलेल्या जोडप्यांना आपले नाते, साधे व नेहमीचे काम केलेल्या जोडप्यांपेक्षा, अधिक समाधानकारक वाटले. तात्पर्य उशीत नाही. दोघेही ज्यात सारखेच अडाणी असतात असे काम एकत्र करताना जुने जोडीदार एकमेकांना नव्याने दिसतात. जामनेर तालुक्यातील पहूरवरून अजिंठ्याचा रस्ता जातो. पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवण्यास नेणारी, परंतु केवळ दोघांनीच म्हणून तेथे कधीही न गेलेली जोडपी या तालुक्यात शोधण्यास फारसे श्रम पडणार नाहीत.

वियोगातून येणारा खंड आणि एकत्र अनुभवलेले नावीन्य ही एकमेकांना पर्याय नाहीत. पहिल्याने अनुपस्थितीची जाणीव होते, दुसऱ्याने उपस्थितीची. मात्र दोन्हींचा पाया श्रमाच्या वाटणीत आहे. ज्या सहलीची सर्व तयारी एकटी स्त्री करते ती तिच्यासाठी स्थलांतरित स्वयंपाकघरच असते.

आता मुराळी येत नाही. नोकरी करणारी स्त्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवून आखाजीला दोन दिवसांसाठी स्वतःच बसने माहेरी जाते. त्या दोन दिवसांत घरी राहिलेल्या पुरुषाला गॅसचे सिलिंडर कधी लावले होते, मुलाच्या औषधाची मात्रा किती, दूधवाल्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे, हे विचारण्यासाठी चार-पाच वेळा दूरध्वनी करावा लागतो. पाचव्या वेळी प्रश्न संपलेले असतात, तरीही तो ठेवत नाही.