पेठेचा संघ

2010 ते 2019 या काळात महाराष्ट्रातले पाच नावाजलेले फुटबॉल क्लब बंद पडले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये गेला. 2005-06 च्या हंगामात हाच संघ राष्ट्रीय लीगचा विजेता होता. पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि 2015 मध्ये मिटला. 2017 साली मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स या दोघांनीही गाशा गुंडाळला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी संपला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पाचांच्याही मागे उद्योगसमूहांचा पैसा होता. मालकाचं मन उडालं किंवा हिशेब बसेना, की एका पत्रकानं क्लब बंद. रडायला फारसं कुणी आलं नाही.

याच काळात कोल्हापुरात मंगळवारी, बुधवारी, भर दुपारी माणसं तिकीट काढून राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसत होती. खाली खेळणारे संघ म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. देशाच्या फुटबॉलच्या उतरंडीत हे संघ पार खालच्या पायरीवर आहेत. वर आयएसएल, मग आय-लीग, मग तिच्या खालच्या श्रेणी, मग राज्य संघटना, आणि तिच्याखाली जिल्हा. पण पुण्या-मुंबईच्या क्लबांना जाहिराती करून जो प्रेक्षक जमवता आला नाही, तो इथं स्वतःच्या खिशातले पैसे मोजून येतो. आणि हे संघ बंद पडत नाहीत, कारण ते बंद करण्याचा अधिकार असलेला कुणी मालकच नाही. संघ पेठेचा आहे.

तालीम म्हटली की बाहेरच्या माणसाला तांबडी माती, लंगोट आणि शड्डू एवढंच आठवतं. ते चूक नाही. शाहू महाराजांच्या राजवटीत कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमींना राजाश्रय मिळाला. पण तालीम ही नुसती व्यायामाची जागा कधीच नव्हती. पेठेतलं भांडण तिथं मिटतं, गणपती तिथं बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि ते बसवणाऱ्यांत हिंदू घरं पुढं असतात. महापूर आला की जेवणाची पातेली तिथूनच निघतात. निवडणुकीत उमेदवार पहिल्यांदा तिथं पाया पडायला येतो. अशा जागेत फुटबॉल शिरला तेव्हा त्याला नवं घर बांधावं लागलं नाही. हौदात डाव शिकणारी पोरं संध्याकाळी मैदानावर चेंडू लाथाडू लागली आणि तालमीच्या कपाटात गदेशेजारी करंडक आला.

संस्थानी काळात इंग्रजांमुळे हा खेळ इथं आला आणि राजघराण्यानं तो उचलून धरला. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळं शहर तिला ‘केएसए’ म्हणतं. आजही तिच्यावर छत्रपती घराण्याचा हात आहे. मालोजीराजे छत्रपती 2022 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून गेले, तेव्हा पेठांत आनंद झाला तो घरचा माणूस दिल्लीत बसला म्हणून.

दिवाळीच्या आसपास खेळाडूंची नोंदणी सुरू होते आणि शहराचं खरं नाट्य तिथं घडतं. गेल्या वर्षी एका तालमीकडून खेळलेला आघाडीपटू यंदा कुठं सही करतो, यावर चहाच्या गाड्यांवर पैजा लागतात. नोंदणीच्या आदल्या रात्री खेळाडू घरी सापडत नाही, मावशीच्या गावी असतो, अशा गोष्टी प्रत्येक पेठेत ऐकायला मिळतात. त्यातल्या किती खऱ्या, हे विचारण्याचा शहाणपणा कुणी करत नाही. मग शाहू छत्रपती केएसए लीग. सोळा वरिष्ठ संघ. ती संपली की उन्हाळ्यापर्यंत बाद पद्धतीच्या स्पर्धांची रांग लागते. राजेश चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक ही नावं नुसती वाचली तरी शहराच्या राजकारणाचा नकाशा समोर येतो. स्पर्धा भरवणाऱ्याही बहुधा तालमीच. बक्षिसाची रक्कम पुढाऱ्याची, राबणारी पोरं पेठेची.

सामने दुपारी दोनला आणि चारला. चारच्या सामन्याला मोठे संघ असतील तर बाराच्या सुमारालाच पेठ हलायला लागते. चौकात डिजिटल फलक आदल्या रात्रीच लागलेला असतो. संघाचा फोटो, खाली चाळीस समर्थकांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि एका कोपऱ्यात मेस्सी किंवा नेमार, जणू तोही याच पेठेत भाड्यानं राहतो. 2022 च्या विश्वचषकात केरळसारखेच इथंही मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे उंचच उंच कटआउट उभे राहिले आणि टीव्हीवाल्यांना नवल वाटलं. कोल्हापूरकरांना वाटलं नाही. इथं ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन पेठाच आहेत, जरा लांबच्या.

स्टेडियममध्ये बसायच्या जागाही ठरलेल्या. कोणत्या तालमीचे समर्थक कुठल्या गॅलरीत, हे पाटी न लावता सगळ्यांना माहीत असतं. हलगी आणि घुमकं सुरू झालं की शेजारच्याशी बोलणं संपतं. तटस्थ प्रेक्षकानं मधल्या पट्ट्यात बसावं, तेही टाळ्या जपून वाजवत. एका उपांत्य सामन्यात माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट. पूर्वार्धभर त्यांनी गोलरक्षकाला आडनावानं हाका मारून सूचना दिल्या, उत्तरार्धात पंचांना. निर्धारित वेळेत बरोबरी झाली आणि सामना टायब्रेकरवर गेला, तसे ते उठले आणि मैदानाकडं पाठ करून उभे राहिले. पाचही पेनल्टी त्यांनी समोरच्या माणसांच्या तोंडावर पाहिल्या. निकाल कळल्यावर मला म्हणाले, “डॉक्टरनं बघू नको म्हणून सांगितलंय.” येऊ नको, असं डॉक्टरला म्हणता आलं नसावं.

खेळाचा दर्जा कसा आहे? प्रामाणिकपणे सांगायचं तर मिश्र. वेग आहे, अंगाला अंग भिडवायची हिंमत आहे, लांबून मारलेले सणसणीत फटके आहेत. छोटे पास देत चेंडू स्वतःकडं राखण्याची सवय कमी. गॅलरीतून येणारा आवाजच तसा आहे. आडवा पास दिला की शिवी ऐकू येते. गेल्या काही वर्षांत तालमींनी नायजेरियन खेळाडू आणले. ते पेठेत खोली घेऊन राहिले, हळूहळू त्यांना ‘भावा’ म्हणता येऊ लागलं आणि लहान पोरं त्यांच्या मागून सराव बघायला जाऊ लागली. पैसा वाढला, ईर्षा वाढली, स्थानिक पोरांना बाकावर बसावं लागतंय अशी ओरड झाली आणि बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर बंधनं आली. मला ती ओरड पटते, पण अर्धीच. त्या परदेशी खेळाडूंच्या अंगावर खेळूनच इथले काही बचावपटू तयार झाले.

मी कोयनेच्या बाजूचा. कोयनानगरची वसाहत धरणासाठी उभी राहिली. राज्यभरातून माणसं नोकरीवर आली, बदली झाली की गेली. मैदानं होती, संध्याकाळी खेळही व्हायचा, पण तिथं क्लब रुजेल असं कधी वाटलं नाही. ज्या घरात आपण राहतो त्यात पाच वर्षांनी दुसरं कुणी राहणार, हे ठाऊक असलेला माणूस गल्लीसाठी भांडत नाही. कराडला गाडी बदलून कोल्हापूरला पोचल्यावर मला पहिला फरक जाणवतो तो हाच. मंगळवार पेठेतल्या पोराचे आजोबाही त्याच तालमीचे असतात. संघ निवडायचा प्रश्नच येत नाही, तो जन्माबरोबर मिळतो.

अमेरिकेत खालच्या श्रेणीचे क्लब चालवणारे नेमकं हेच विकत घेऊ पाहतात. तिथं जिंकून वरच्या श्रेणीत जाता येत नाही. पैसे भरून जागा घ्यावी लागते. त्यामुळे खालच्या क्लबाकडं भविष्याचं गाजर नसतं, प्रेक्षक टिकवायचा तर आपलेपणावरच. डेट्रॉइट सिटी एफसी 2012 मध्ये पार खालून सुरू झाला. ढोल, धूर, दीड तास उभं राहून गाणारे समर्थक यांमुळे त्याचं नाव झालं. हॅमट्रॅमक या कामगारवस्तीतलं 1936 सालचं कीवर्थ स्टेडियम मोडकळीला आलं होतं. पाचशेहून जास्त समर्थकांनी मिळून सात लाखांवर डॉलर गुंतवले आणि 2016 मध्ये क्लब तिथं राहायला गेला. 2022 मध्ये तो यूएसएल चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी यूएस ओपन कपमध्ये वरच्या श्रेणीतल्या कोलंबस क्रूला त्यानं 2-1 असं हरवलं.

वाचताना वाटतं, ही तर तालीमच झाली. पण फरक आहे. डेट्रॉइटवाल्यांनी आधी कंपनी काढली, कागद केले आणि मग भोवती पेठ उभी केली. कोल्हापुरात पेठ शंभर वर्षांची आहे आणि कागद नाही. आय-लीगच्या कुठल्याही श्रेणीत शिरायचं तर परवाना लागतो. नोंदणीकृत क्लब, ताळेबंद, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक, वयोगटांचे संघ, सगळं दाखवावं लागतं. यासाठी वर्षभर पगारावर माणसं ठेवावी लागतात. तालमीचं बजेट मात्र हंगामापुरतं, वर्गणीचं आणि देणगीचं. शिवाय एका तालमीनं वर जायचं ठरवलं तर बाकीच्या पेठांनी तिला ‘कोल्हापूरचा संघ’ म्हणून पाठिंबा द्यावा लागेल. हे होईल असं शाहू स्टेडियममध्ये एक तास बसलेला माणूस म्हणणार नाही. ज्या ईर्षेनं गॅलरी भरते, तिनंच शहराचा एक संघ होऊ दिलेला नाही.

तीच ईर्षा दगडही मारते. सामन्यानंतर गॅलऱ्यांत हाणामारी, रस्त्यावर दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, समर्थकांवर गुन्हे, स्पर्धा अर्ध्यावर थांबवणं, हे सगळं या शहरानं पाहिलं आहे. दंड होतो, बंदी येते, शांतता बैठकीत सगळे हात मिळवतात. ‘फुटबॉल म्हटलं की थोडं व्हायचंच’ असं कौतुकानं सांगणारे ज्येष्ठ मला खटकतात. पोलिसात नाव गेलेला विशीतला पोरगा पुढं नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला काढायला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर गॅलरी येत नाही.

मैदानावर खेळणाऱ्याचं गणितही असंच हंगामी आहे. चांगल्या खेळाडूला मानधन मिळतं, पण त्यावर वर्ष निघत नाही. जो लवकर बाहेर पडला तो पुढं गेला. अनिकेत जाधव लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढं जमशेदपूर एफसीमार्गे आयएसएलमध्ये पोचला. भारताचा त्या विश्वचषकातला पहिला सामना दिल्लीत अमेरिकेशीच होता, 0-3 असा हरलेला. कोल्हापुरात त्या संध्याकाळी निकालापेक्षा आपला पोरगा निळ्या जर्सीत दिसला याचंच बोलणं जास्त झालं.

जिल्ह्यात गडहिंग्लजनं वेगळा मार्ग धरला आहे. तिथल्या युनायटेड संघटनेच्या दिवाळीतल्या अखिल भारतीय स्पर्धेसाठी एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर केरळ, गोवा, बेंगळुरूचे संघ येतात. छोट्या गावाला आपसांतली ईर्षा परवडत नाही, म्हणून त्यांनी बाहेरचं फुटबॉल घरी बोलावलं. आणि राष्ट्रीय लीगमध्ये शहराचं नाव नेलं ते कुठल्याच तालमीनं नव्हे. 2019-20 च्या इंडियन विमेन्स लीगच्या बेंगळुरूतल्या अंतिम टप्प्यात कोल्हापूर सिटी नावाचा मुलींचा संघ खेळला. त्याच्या नावात पेठ नव्हती. त्याच्यासाठी कुठल्या चौकात फलक लावायचा, हाही प्रश्न असणार. आता पेठांतल्या मुली बूट बांधून सरावाला येऊ लागल्या आहेत. पुरुषांचे अ आणि ब असे दोन-दोन संघ उतरवणाऱ्या तालमींच्या नोंदणीच्या यादीत त्यांचा रकाना कधी येतो, ते येत्या दिवाळीत विचारायला हवं.