फुकटच्या दरवानावर भरवसा किती?

शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट आले, तेव्हा पालकसभेत एका आईने विचारले, "सर, आमच्या पोरी त्यावर काय बघतात, यावर नजर कुणाची?" प्रश्न रास्त होता. त्याच संगणकांवर मुलांचे आधार क्रमांकही भरले जातात. ती पालकांची अमानत आहे.

तयार फायरवॉल घेण्याइतके पैसे नव्हते. एका माजी विद्यार्थ्याने अडगळीतला संगणक काढला, त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले आणि ओपन सोर्स फायरवॉल टाकली. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, तपासता येतो असा प्रोग्राम. यातला 'पीएफसेन्स' २००४ मध्ये सुरू झाला. त्यातूनच २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स' निघाला.

फायरवॉल हा दारावरचा दरवान. आपण मागवलेले तो आत सोडतो, आगंतुकाला अडवतो. नियमांची यादी वरून खाली वाचतो आणि जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतो.

फुकटचे म्हणून ते कच्चे निघाले का? आमचे काम दोनदा अडले. पहिल्यांदा चूक माझीच. 'सर्व बंद' हा नियम मी यादीत सर्वांत वर टाकला आणि निकाल भरायच्या दिवशी एकही पान उघडेना. दुसऱ्यांदा एप्रिलच्या भर दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. डिस्कवरची नोंद अर्धवट राहिली आणि यंत्र सुरूच होईना. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून बरे. फायरवॉल नव्याने टाकून संध्याकाळपर्यंत काम सुरू झाले. त्यानंतर आधी यूपीएस घेतला. नवी फायरवॉल टाकताना डिस्कसाठी 'झेडएफएस' हा पर्याय निवडला होता. अचानक वीज गेली तरी तो अधिक तग धरतो.

कोड उघडा आहे म्हणजे तो निर्दोष आहे, असे नाही. २०२१ मध्ये पीएफसेन्सच्या नव्या आवृत्तीत 'वायरगार्ड' ही सोय आली. जाणकारांनी कोड वाचून त्यातले दोष जाहीरपणे दाखवले आणि पुढच्याच आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. कोड उघडा असल्याचा फायदा तो हाच. मात्र दुरुस्त आवृत्ती आपण टाकली नाही, तर त्या फायद्याचा आपल्याला उपयोग नाही.

घरी वेगळे यंत्र लागत नाही. बहुतेक वाय-फाय राउटरमध्ये साधी फायरवॉल असतेच. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, अपडेट करा. डीएनएसच्या जागी १.१.१.३ भरले, तर बरीचशी अश्लील आणि घातक संकेतस्थळे अडतात. पण मुलाने मोबाइल डेटा सुरू केला, की हा दरवान बाजूला राहतो. फोनवर कुणाला ओटीपी सांगितला, तर तो काहीच करू शकत नाही. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

त्या आईला आज मी सांगेन : दरवान इमानी आहे. पण त्याला नियम नीट सांगणारा, सेटिंगची प्रत जपणारा आणि वेळेवर अपडेट करणारा माणूस हवा. आणि तो एकच असून भागत नाही. आमच्या शाळेत आता हे काम दोघांना येते. दुसरी आहे दहावीतली, त्याच आईची मुलगी.