संगणक जी ओळ वाचतच नाही

प्रोग्रॅममध्ये काही ओळी अशा असतात की ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो संगणक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सी भाषेत स्लॅश-स्टारच्या जोडीत किंवा पायथनमध्ये हॅशच्या पुढे जे लिहाल, ते बिनबोभाट वगळलं जातं. ही कमेंट. ती असते पुढे कधीतरी हा कोड हाती घेणाऱ्या माणसासाठी.

अशा ओळींतली सगळ्यात गाजलेली ओळ 1975 सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेली ही प्रणाली. एक प्रोसेस बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची आणि परतताना भलत्याच फंक्शनमधून बाहेर पडायचं, असा करामती भाग त्या ओळीखाली आहे. वर त्याचं बऱ्यापैकी लांब स्पष्टीकरण आणि शेवटी एकच वाक्य: हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी या कोडवर भाष्य लिहिलं. परवान्याच्या अटींमुळे ते उघडपणे छापता येईना. मग झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत गेल्या, आणि हे वाक्य जगभर पोचलं, टी-शर्टांवरही चढलं. लोकांना त्यात तोरा दिसला. रिचींनी पुढे खुलासा केला, की म्हणायचं होतं ते ‘हे परीक्षेला नाही’ या चालीवर. खरी गोम तर वेगळीच होती: काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं!

ती करामत पीडीपी-11 या मशीनवर चालली, कारण तिथला कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फंक्शनमधून परतताना एकच ठरलेली पद्धत वापरायचा. युनिक्स इंटरडेटा या दुसऱ्या मशीनवर नेताना मात्र तिथल्या कंपायलरमध्ये ही पद्धत फंक्शनागणिक बदलत होती. तिथे सगळं बिनसलं, आणि सातव्या आवृत्तीसाठी तो भाग नव्याने बांधावा लागला. मला थक्क करतं ते हे, की मशीन जो कोड बिनतक्रार चालवत होतं, त्यातला कच्चा दुवा त्या कमेंटमध्ये आधीच उघडा पडला होता. समजावून सांगणं जमेना, कारण मुळातच पाया डळमळीत होता.

कमेंटमध्ये नेमकं काय लिहावं, याचं रोजच्या कामातलं उदाहरण घ्या. पायथनच्या स्लीप फंक्शनला 30 दिलं तर ते अर्धा मिनिट थांबतं. जावास्क्रिप्टच्या सेट-टाइमआउटला तेच 30 म्हणजे मिलिसेकंद, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारे. शेजारी ‘इथे 30 थांबतो’ अशी कमेंट असून नसून सारखीच. ‘सर्व्हर लागोपाठ आलेल्या विनंत्या नाकारतो, म्हणून 30 सेकंद थांबतो’ असं लिहिलं की एकक कळतं, कारण कळतं, आणि तो आकडा कुणी हौसेने 5 करत नाही.

डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांची तर चक्क परीक्षा घेता येते. टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट 2001 पासून पायथनसोबतच मिळतं. माहितीच्या मजकुरात ‘हे टाइप करा, हे उत्तर येईल’ असं लिहिलेलं असतं. डॉकटेस्ट ते खरंच चालवून उत्तर अक्षरन् अक्षर ताडून पाहतं. पायथन 2 मध्ये 7 भागिले 2 चं उत्तर 3 यायचं, पायथन 3 मध्ये 3.5 येतं. जुनं उदाहरण तसंच राहिलं असेल तर डॉकटेस्ट सांगतं: अपेक्षा 3 ची, मिळाले 3.5.

पण उदाहरणाच्या आजूबाजूची वाक्यं बरोबर आहेत का, हे त्याला कळत नाही. ते वाचणाऱ्यालाच तपासावं लागतं. तेव्हा एखादी सूचना दोनदा वाचूनही डोक्यावरून गेली, तर स्वतःला दोष देत बसू नका. जे कळलं नाही ते प्रकल्पवाल्यांना कळवा, जमल्यास सुधारलेलं वाक्यही सुचवा. बहुतेक ओपन सोर्स प्रकल्प एका वाक्याची दुरुस्तीही आनंदाने घेतात.