मोटारीच्या दारांचें रबर

भडगांव तालुक्यांत गिरणाकांठच्या काळ्या जमिनींतून पावसाळ्यांत जीप नेतांना गढूळ पाणी दारांच्या फटींतून आंत शिरतें. वरची चटई वाळली तरी खालचा पत्रा ओला राहून गंजतो. आंत ठेविलेलें कपाशीचें बियाणें व खतही नासतें. सबब दारांचें रबर मृगापूर्वीं तपासावें, अशी आमची सूचना आहे.

कागदाची पट्टी मध्यें धरून दार लावावें. ती सहज ओढून निघाली, तर तेथें रबर चेपलें आहे असें समजावें. जुनें रबर काढून कडेची माती व गंज खरवडावा, रंग द्यावा, आणि तो वाळल्यावर त्याच मोटारीचें नवें रबर न ताणतां बसवावें. ताणलेलें रबर पुढें आंखडतें व कोपऱ्यांत फट पडते.

कांचेवरून ओघळणारें पाणी दाराच्या पोकळींत उतरून तळच्या भोकांवाटे बाहेर पडतें. तीं भोकें चिखलानें बुजलीं, तर नव्या रबराचा खर्च व्यर्थ होय. म्हणून तीं तारेनें मोकळीं करावीं.

तथापि रबर शिंतोड्यांसाठीं आहे, पुरासाठीं नव्हे. १९६९ सालीं पुऱ्या झालेल्या गिरणा धरणांतून पाणी सुटलें असतां मोटार नदींत मुळींच घालूं नये. दारें जितकीं घट्ट, तितकी ती पाण्यावर लवकर उचलली जाऊन वाहूं लागते.