आरशाला न घाबरणारी गायिका : इंडिया आरी

फेब्रुवारी २००२. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता. सिनेमावाल्यांना ऑस्करचे जेवढे अप्रूप, तेवढेच गाणाऱ्यांना ग्रॅमीचे. त्या वर्षी सव्वीस वर्षांच्या एका नवख्या गायिकेला एकदम सात नामांकने मिळाली होती. उत्कृष्ट अल्बम, उत्कृष्ट गाणे, उत्कृष्ट नवा कलावंत, जी मोठी यादी उघडावी तीत तिचे नाव होतेच. रात्र संपली तेव्हा मात्र तिच्या हातात एकही बक्षीस नव्हते. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेल्या अॅलिशिया कीजने पाच बक्षिसे नेली.

सातपैकी शून्य! एवढ्या लोकांदेखत रिकाम्या हाताने परत जायचे म्हणजे काय वाटले असेल, ते तिलाच ठाऊक. पण त्याच वर्षी सप्टेंबरात तिचा दुसरा अल्बम आला आणि पुढच्या ग्रॅमीला ती दोन बक्षिसे घेऊन घरी गेली. पुढे आणखी दोन मिळाली. या बाईचे नाव इंडिया आरी.

नाव वाचून आपले कान टवकारतात, पण तिचा आपल्या देशाशी नात्याचा संबंध नाही. इंडिया आरी सिम्पसन हे तिचे खरे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९७५चा, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातला. वडील राल्फ सिम्पसन त्या काळचे नावाजलेले बास्केटबॉल खेळाडू. आई जॉइस तरुणपणी गायची. स्टीव्ही वंडर आणि अल ग्रीन यांच्यासारख्या मोठ्या गायकांच्या कार्यक्रमांत, मुख्य गायक मंचावर येण्याआधी गाण्याची संधी तिला मिळाली होती. पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि मुलगी तेरा वर्षांची असताना आईने अटलांटा गाठले.

या आईची गोष्ट मला मुलीच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. स्वतःचे गाणे मागे राहिलेल्या कितीतरी बाया आपण पाहतो. त्यांतल्या काही कडवट होतात, काही आपले अपुरे स्वप्न मुलीच्या डोक्यावर लादतात. जॉइस मुलीच्या पाठीशी उभी राहिली. मुलगी प्रसिद्ध झाल्यावर मंचावर तिने काय नेसावे, काय ल्यावे हे पाहण्याचे काम आईनेच अंगावर घेतले. इंडिया आरीचे फोटो ज्यांनी पाहिले असतील त्यांना तिच्या डोक्याला बांधलेली रंगीबेरंगी वस्त्रे आठवतील. वाचक भगिनींना ती पाहून ओळखीचे वाटेल खरे, पण तो आपल्याकडचा हिजाब नाही. डोक्याला असे कापड गुंडाळण्याची आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची स्वतःची जुनी परंपरा आहे, ती तिथून आली.

शिक्षणासाठी ती जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरी कला महाविद्यालयात गेली. तिथे ती धातूचे दागिने घडवायला शिकत होती. गिटार हातात आली ती याच काळात. गिटार आली तशी स्वतःची गाणी सुचू लागली आणि दागिने मागे पडले. अटलांटाला परतल्यावर तिथल्या तरुण गायक-वादकांसोबत ती लहानसहान ठिकाणी गाऊ लागली. १९९८ साली ‘लिलिथ फेअर’ या केवळ गायिकांसाठी भरवलेल्या फिरत्या संगीत मेळ्यात तिला दुय्यम मंचावर जागा मिळाली आणि मोठ्या कंपन्यांचे तिच्याकडे लक्ष गेले.

तिला करारबद्ध केले ते मोटाऊन कंपनीने. १९५९ साली डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय माणसाने सुरू केलेली ही कंपनी. तेव्हा तिची धुरा केडार मॅसेनबर्ग यांच्याकडे होती. ‘निओ-सोल’ हा शब्द बाजारात रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच देतात. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांतून आणि त्यांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज या लोकप्रिय संगीतातून उगवलेले गाणे. १९९५च्या सुमारास डि’अँजेलो, मग एरिका बाडू, लॉरिन हिल अशा तरुणांनी त्या जुन्या गाण्याला जॅझची आणि हिप-हॉपची जोड दिली, यंत्रांपेक्षा खरी वाद्ये पुढे आणली. या प्रकाराला निओ-सोल म्हणू लागले. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे लेबल आवडत नसे. जुने काही मेलेले नसताना नवे कशाला म्हणायचे, असा त्यांचा सवाल.

मार्च २००१मध्ये ‘अकूस्टिक सोल’ हा तिचा पहिला अल्बम आला. एकट्या अमेरिकेत तो वीस लाखांच्या घरात गेला. त्यातले ‘व्हिडिओ’ हे गाणे तरुण मुलींच्या तोंडी बसले. ते दिवस टीव्हीवरच्या संगीत वाहिन्यांचे होते. गाणे कोणाचेही असो, त्याच्या चित्रफितीत तोकड्या कपड्यांतल्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या मुली नाचताना दिसत. इंडियाने गाण्यातून सरळ सांगितले, मी त्या चित्रफितीतल्या मुलींसारखी नाही, माझा बांधा मॉडेलचा नाही, आणि मी आहे तशी मला आवडते. त्याच अल्बममध्ये सावळ्या कांतीचे कौतुक करणारे ‘ब्राउन स्किन’ हे गाणेही आहे.

इथे थोडे घरचे बोलू. “मुलगी सावळी आहे, पण स्वभावाने गुणी आहे,” हे वाक्य रिश्ता जमवताना आपल्या घरांत किती वेळा बोलले जाते! त्यातला ‘पण’ चहाची ट्रे घेऊन आलेली मुलगी ऐकत असते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातही उजळ आणि काळा असा भेद आहे. तिकडे त्याचे मूळ गुलामगिरीच्या काळात आहे, आपल्याकडची कारणे निराळी. दुखते मात्र सारखेच.

रंगाने तिचा पिच्छा सोडला नाही. २०१३ साली तिच्या एका नव्या गाण्याच्या जाहिरातीतल्या फोटोत तिचा चेहरा फार उजळ दिसला. झाले! जिने सावळेपणाची गाणी गायली तीच आता रंग उजळवून घेते, असा गिल्ला झाला. तिने खुलासा केला की तो फोटोतल्या प्रकाशाचा परिणाम आहे, कातडीला काही केलेले नाही आणि करण्याची इच्छाही नाही. तिची बाजू मला पटते. तरी तो फोटो छापण्याआधी कोणी तरी दोनदा पाहायला हवा होता, असेही वाटते.

तिचे माझे सर्वांत आवडते गाणे केसांवरचे आहे. २००५च्या ग्रॅमी सोहळ्यात मेलिसा एथरिज ही गायिका स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार घेऊन, केस गेलेल्या डोक्यानेच मंचावर आली आणि जीव ओतून गायली. ते पाहून इंडियाला ‘आय अॅम नॉट माय हेअर’ हे गाणे सुचले. बाईची किंमत तिच्या केसांवरून ठरत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. त्याच्या एका आवृत्तीत सेनेगाली मुस्लिम घरातून आलेला गायक एकॉन तिच्यासोबत गातो. केमोथेरपीनंतर आरसा झाकून ठेवणारी एखादी बाई ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना या गाण्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. ते ज्या अल्बममध्ये आहे तो २००६ साली अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला.

दुसऱ्या अल्बमचे ‘व्हॉयेज टु इंडिया’ हे नाव स्टीव्ही वंडरच्या एका रचनेवरून घेतलेले. २००५ साली तर ‘अ टाइम टु लव्ह’ हे गाणे तिने स्टीव्हीच्या जोडीने लिहिले आणि त्याच्यासोबत गायले. ज्याच्या आधी गाऊन आई मंचावरून उतरत असे, त्याच्या शेजारी मुलगी उभी राहिली. आईला त्या दिवशी काय वाटले असेल?

हा प्रवास सरळ मात्र नव्हता. २००९नंतर चार वर्षे तिचा नवा अल्बम आला नाही. या धंद्यात जीव इतका शिणला होता की गाणे सोडून द्यावे असे वाटत होते, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले. परतली ती २०१३मध्ये. आणि फेब्रुवारी २०२२मध्ये तिने आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. या कंपनीने जो रोगन नावाच्या निवेदकावर अफाट पैसा लावला होता. तो आपल्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी शिवी पूर्वी वारंवार उच्चारत असे. तिने त्या उच्चारांची ध्वनिचित्रफीतच लोकांसमोर ठेवली. आम्हा कलावंतांना एका गाण्यामागे सेंटचाही तुकडा मिळतो आणि आमच्या गाण्यांवर मिळवलेला पैसा अशा माणसाला जातो, हा तिचा मुद्दा होता. रोगनने माफी मागितली, त्याच्या कार्यक्रमाचे कित्येक जुने भाग हटवले गेले. ऐन चलतीच्या बाजारातून आपला माल उचलणाऱ्याचे नुकसान होतेच, हे कुठलाही दुकानदार सांगेल. तिने हिशेब करूनच उचलला.

कोणाला ऐकायची असेल तर सुरुवात ‘अकूस्टिक सोल’पासून करावी. पहिल्यांदा ऐकताना फार काही घडत नाही असे वाटेल. गिटार, थोडासा ठेका आणि न ओरडणारा आवाज, बस. अल्बम उघडतो तोच एका लहानशा प्रास्ताविकाने. त्यात ती आपल्या आधी गाऊन गेलेल्यांची नावे घेते आणि मगच स्वतःच्या पहिल्या गाण्याकडे वळते.