चिठ्ठीने ठरलेली जागा : व्हर्जिनियाच्या विधिमंडळातील नवे प्रतिनिधी

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या मतदारांनी श्रीमती गझाला हाशमी यांना लेफ्टनंट गव्हर्नरपदी निवडून दिले. हैदराबाद येथे जन्मलेल्या व वयाच्या चौथ्या वर्षी अमेरिकेत गेलेल्या हाशमी पेशाने प्राध्यापक. अमेरिकेत राज्यव्यापी निवडणूक जिंकणाऱ्या त्या पहिल्या मुस्लिम महिला ठरल्या. भारतीय वंशाच्या महिलेचा विजय म्हणून आपल्याकडे या बातमीचे कौतुक झाले. आम्हांला मात्र त्यांची २०१९ सालची निवडणूक अधिक महत्त्वाची वाटते. त्या वर्षी त्या राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या. निवडणूक लढविण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. आणि मतदारसंघ रिचमंड शहराच्या परिसरातील, विरोधी पक्षाच्या ताब्यात असलेला. केवळ स्वधर्मीयांच्या मतांवर ती जागा जिंकणे अशक्य होते. अशा चुरशीच्या जागी अल्पसंख्य समाजातील व्यक्तीला उमेदवारी मिळते कशी आणि ती निवडून येते कशी, हा प्रश्न आम्हां ख्रिस्ती वाचकांना परका वाटू नये.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची परंपरा १६१९ सालापासूनची. हाउस ऑफ डेलिगेट्स या कनिष्ठ सभागृहात १०० सदस्य असतात व त्यांची मुदत केवळ दोन वर्षांची. सिनेटमध्ये ४० सदस्य असून त्यांची मुदत चार वर्षांची. २०२० च्या जनगणनेनुसार एका डेलिगेटमागे सुमारे ८६ हजार लोकसंख्या येते. आपल्या आमदाराच्या मतदारसंघाशी तुलना केल्यास हा मतदारसंघ फारच लहान. उमेदवाराला घरोघरी पायी फिरता येईल एवढा. अधिवेशन जानेवारीत सुरू होते व साधारण दीड-दोन महिन्यांत संपते. २०१७ साली डेलिगेटचे वार्षिक मानधन होते १७,६४० डॉलर. तेवढ्यावर तेथे कुटुंब चालत नाही. त्यामुळे ज्यांना वर्षातील दोन महिने कामधंदा बाजूला ठेवणे परवडते, असे वकील, व्यावसायिक व जमीनदार यांचीच तेथे पिढ्यान्‌पिढ्या गर्दी राहिली. मानधन कमी असल्याने लोकसेवेची वृत्ती टिकते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. आमच्या मते त्याने बहुधा एवढेच साधते की, गरिबाला दार उघडे असूनही आत जाता येत नाही.

उमेदवारीची पद्धतही निराळी आहे. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येते. तेथे बहुतेक ठिकाणी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत त्या भागातील मतदारच ठरवितात. पक्षश्रेष्ठींना अपरिचित असलेली व्यक्तीही त्यामुळे थेट लोकांपुढे जाऊ शकते.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. कायद्याने कोणाला मज्जाव आहे? आज कोणालाच नाही. परंतु वसाहतकाळात व्हर्जिनियात अँग्लिकन पंथ हा राजमान्य धर्म होता आणि कॅथलिकांना सार्वजनिक पद भूषविण्यास कायद्याने बंदी होती. थॉमस जेफर्सन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली संमत झाला व धर्मावरून कोणाचाही नागरी अधिकार हिरावला जाऊ नये, असे ठरले. कायदा बदलला तरी मन बदलण्यास वेळ लागतो. १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक नेते अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा एरव्ही त्यांच्याच पक्षाला निष्ठेने मत देणाऱ्या व्हर्जिनियाने त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला कौल दिला. टिम केन हे कॅथलिक गृहस्थ त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, ते २००५ साली. तरुणपणी त्यांनी येशूसंघीयांसोबत होंडुरासमध्ये सेवाकार्य केले होते व ते त्यांनी कधी लपविले नाही.

कृष्णवर्णीयांची वाट याहून कितीतरी खडतर होती. १९०२ च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लादला. दीड डॉलरचा तो कर राज्य निवडणुकांपुरता रद्द होण्यास १९६६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. पुढच्याच वर्षी रिचमंडचे डॉक्टर विल्यम फर्ग्युसन रीड हे निवडून आले. विसाव्या शतकात त्या विधिमंडळात गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यानंतर संख्या वाढली, पण एका विशिष्ट रीतीने. मतदारसंघांच्या सीमा आखताना कृष्णवर्णीय मतदार काही थोड्या जागांत एकवटण्यात आले. त्या जागी त्यांचा प्रतिनिधी हमखास निवडून येई आणि शेजारच्या जागांवर त्यांच्या मतांना वजन उरत नसे. २०११ साली सीमा आखताना अशा बारा मतदारसंघांत मतदानाच्या वयाचे किमान ५५ टक्के नागरिक कृष्णवर्णीय असावेत, असे सूत्र ठेवले होते. त्यांपैकी अकरा मतदारसंघ संघीय न्यायालयाने जून २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविले.

हा मुद्दा वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा, कारण वरवर पाहता ती व्यवस्था अल्पसंख्याकांच्या हिताचीच वाटते. सुरक्षित जागा मिळाली म्हणजे प्रतिनिधित्व मिळाले, असे आपल्यालाही अनेकदा वाटत असते. पण सुरक्षित जागेवरचा प्रतिनिधी आपल्याच लोकांशी बोलतो, आणि शेजारच्या जागेवरच्या प्रतिनिधीला त्या लोकांशी बोलण्याचे कारणच उरत नाही.

२०१७ साली हे चित्र बदलले. तोपर्यंत हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये रिपब्लिकन पक्षाचे ६६ व डेमोक्रॅटिक पक्षाचे ३४ सदस्य होते. परंतु रिपब्लिकनांकडील १७ मतदारसंघ असे होते, जेथे २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना आघाडी होती. जागा जिंकता येण्याजोग्या होत्या; लढणारे हवे होते. त्या वर्षी जे पुढे आले, त्यांपैकी अनेकांनी त्यापूर्वी कधी निवडणूक लढविली नव्हती. कॅथी ट्रॅन यांच्या आईवडिलांनी व्हिएतनाममधून होडीने पलायन केले, तेव्हा त्या तान्ह्या होत्या. एलिझाबेथ गुझमन पेरू देशातून आलेल्या व समाजसेविका म्हणून काम करणाऱ्या. हाला अयाला यांचे वडील एल साल्व्हादोरचे. जेनिफर कॅरल फॉय या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या पहिल्या काही महिला पदवीधरांपैकी एक. ही संस्था स्त्रियांना खुली झाली, तीही १९९६ च्या न्यायालयीन निर्णयामुळे. प्राथमिक निवडणुकीच्या वेळी त्यांच्या पोटात जुळी मुले होती व ती फेरी त्यांनी मोजक्या मतांच्या फरकाने जिंकली. एकूण १५ जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेल्या. त्यांपैकी ११ जागी महिला निवडून आल्या. सभागृहातील महिलांची संख्या १७ वरून २८ झाली.

सर्वाधिक चर्चा झाली ती डॅनिका रोम यांच्या विजयाची. रोम या ट्रान्सजेंडर महिला. त्यांचे प्रतिस्पर्धी बॉब मार्शल हे १९९२ पासून सभागृहात असलेले, गर्भपाताला कडवा विरोध करणारे कॅथलिक नेते. लिंगभावासंबंधी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. तिची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. येथे पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. रोम यांनी कित्येक वर्षे स्थानिक वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून काम केले होते. त्यांनी प्रचारात स्वतःच्या ओळखीपेक्षा अधिक वेळ दिला तो २८ क्रमांकाच्या रस्त्यावर रोज होणाऱ्या वाहतुकीच्या कोंडीला. कोणत्या चौकातले सिग्नल काढावे लागतील, येथपर्यंत त्यांची तयारी होती. निकालानंतर मार्शल यांच्यावर टीका करण्यास त्यांनी नकार दिला. आता तेही आपलेच मतदार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मतभेद बाजूला ठेवूनही हे सौजन्य नोंद घेण्याजोगे आहे.

त्याच निवडणुकीतील ९४ क्रमांकाचा मतदारसंघ न्यूपोर्ट न्यूज या बंदराच्या शहरातला. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी पहिल्या मोजणीत अवघ्या दहा मतांनी पुढे होते. १९ डिसेंबरच्या फेरमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स एका मताने विजयी ठरल्या : ११,६०८ विरुद्ध ११,६०७. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी वादग्रस्त ठरलेली एक मतपत्रिका यान्सी यांच्या नावे ग्राह्य धरली व दोघांची मते समसमान झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंड येथे दोन चिठ्ठ्या छायाचित्रांच्या फिल्मच्या दोन डब्यांत घालून त्या मातीच्या एका भांड्यात ठेवण्यात आल्या. निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी एक डबा उचलला. नाव निघाले यान्सी यांचे. त्या एका चिठ्ठीने सभागृहाचे बळ ५१ विरुद्ध ४९ असे ठरले व बहुमत रिपब्लिकनांकडे राहिले. मत्थियाची निवडही चिठ्ठी टाकूनच झाली होती, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. मात्र प्रेषितांनी आधी प्रार्थना केली होती. आपल्या कायद्यातही अशीच तरतूद आहे, आणि त्याच २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल चिठ्ठी टाकूनच लागला, याचे स्मरण काही वाचकांना असेल.

या एवढ्या निसटत्या फरकाचा सामान्य माणसाशी काय संबंध? संबंध दोन्ही अंगांनी आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेचा विस्तार सभागृहाने कित्येक वर्षे अडवून धरला होता. २०१७ च्या निकालानंतर बहुमतवाल्या पक्षातील काही सदस्यांनीही आपली भूमिका बदलली, २०१८ च्या जूनमध्ये कायदा झाला व सुमारे चार लाख लोकांना वैद्यकीय संरक्षणाचा मार्ग मोकळा झाला. वैद्यकीय सेवा हा मनुष्याचा हक्क आहे, असे पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ सालीच विश्वपत्रात म्हटले आहे. मार्च २०२१ मध्ये व्हर्जिनियाने मृत्युदंड रद्द केला. असे करणारे ते दक्षिणेतील पहिले राज्य, आणि वसाहतकाळापासून सर्वाधिक लोकांना फाशी वा तत्सम शिक्षा देणारे राज्यही तेच. तेथील महागुरुस्वामींनी या निर्णयाचे स्वागत केले. दुसरीकडे, कॅथी ट्रॅन यांनी २०१९ च्या जानेवारीत गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांतील गर्भपातावरील निर्बंध सैल करणारे विधेयक मांडले. ते समितीतच बारगळले. पण २०२० साली नव्या बहुमताने गर्भपातापूर्वीची सक्तीची प्रतीक्षा रद्द केली आणि महागुरुस्वामींच्या विरोधाचा उपयोग झाला नाही. निर्वासितांच्या पोटी जन्मलेली आणि स्वतः निर्वासित असलेली स्त्री सभागृहात पोहोचली, याचा आनंद खरा; आणि तिने मांडलेल्या विधेयकाचे दुःखही खरे. प्रतिनिधी कोणत्या समाजाचा आहे, यावरून तो कसे मत देईल हे सांगता येत नाही. 'आपला माणूस' एवढ्या एका शब्दावर मत देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ही केवळ एका पक्षाची कथा आहे, असेही कोणी समजू नये. २०२१ साली वारे उलटे फिरले. रिपब्लिकन पक्षाने सभागृह ५२ विरुद्ध ४८ असे परत मिळविले. त्याच वर्षी जमैकात जन्मलेल्या कृष्णवर्णीय विन्सम सिअर्स त्या पक्षातर्फे लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या व क्यूबाहून आलेल्या आईचे पुत्र जेसन मियारेस ॲटर्नी जनरल झाले. सिअर्स यांनी हरविले ते आपण वर पाहिलेल्या हाला अयाला यांना. २००१ साली सिअर्स प्रथम डेलिगेट झाल्या, त्या नॉरफोक येथील कृष्णवर्णीयबहुल आणि पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक असलेल्या मतदारसंघातून! चुरशीच्या जागी जिंकणाऱ्याला हरण्याची तयारीही ठेवावी लागते.

मराठी वाचकांस श्री. श्री ठाणेदार यांचे नाव परिचित असेल. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे ठाणेदार २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी प्राथमिक फेरीत उभे राहून पराभूत झाले. पुढे २०२० साली डेट्रॉइटमधून त्याच राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ साली अमेरिकेच्या संसदेत पोहोचले. त्यांच्या जागा मात्र डेमोक्रॅटिक पक्षाला सुरक्षित. खरी चुरस असे ती पक्षांतर्गत फेरीतच. व्हर्जिनियातील उदाहरणे म्हणूनच आम्ही वेगळी मोजतो.

पुन्हा ९४ क्रमांकाच्या मतदारसंघाविषयी. न्यायालयाच्या आदेशाने आखलेल्या नव्या सीमा सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कायम राहू दिल्या. त्या नोव्हेंबरात शेली सायमंड्स पुन्हा उभ्या राहिल्या आणि यान्सी यांचा पराभव करून निवडून आल्या. त्याच दिवशी गझाला हाशमी यांनीही आपली जागा जिंकली व सिनेटमध्ये २१ विरुद्ध १९ असे बहुमत झाले. २०२३ च्या निवडणुकीनंतरही सिनेटची विभागणी तीच राहिली. सिनेटमध्ये समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकत नाहीत. अर्थसंकल्पासारखे काही विषय वगळता निर्णायक मत लेफ्टनंट गव्हर्नर देतात.