मुलांच्या मेंदूतील गाठ : ओळख व उपचार

मेंदूत गाठ झाली म्हणजे मूल हातचे गेले, असे आपल्याकडे अजूनही समजले जाते. मेडुलोब्लास्टोमा या दुर्मिळ गाठीपुरता तरी हा समज सोडावा, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. १९२५ साली अमेरिकेतील बेली व कुशिंग या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले, तेव्हा ती जवळजवळ असाध्यच होती. आज रोग पसरलेला नसला व उपचार पूर्ण झाले, तर दहापैकी सात-आठ मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात.

ही गाठ डोक्याच्या मागील भागी, लहान मेंदूत होते. तोल सांभाळणे हे लहान मेंदूचे काम. म्हणून मूल झोकांड्या खात चालू लागते. गाठीमुळे मेंदूतील पाण्याची वाट अडते व दाब वाढतो. रात्रभर आडवे राहिल्याने तो पहाटे अधिक असतो. सकाळी डोके दुखते, उलटी होते आणि मग मूल खेळायला लागते! फसगत होते ती येथेच. आमच्या परिचयातील एका मुलाला दोन महिने पित्ताचे औषध चालू होते. डोळा तिरळा झाला तेव्हा चष्मा करायला नेले. अशी लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. निदान एम.आर.आय.ने होते, मेंदूबरोबर मणक्याचाही काढावा लागतो, कारण हा रोग पाण्यातून खाली उतरतो.

शस्त्रक्रियेनंतर काही मुलांची वाचा काही आठवडे जाते. आईबाप घाबरतात, पण बोलणे बहुधा परत येते. याउलट मूल छान हिंडू-फिरू लागले की 'झाले बरे' म्हणून घरी नेणारेही आहेत. ही चूक जिवावर बेतते. साधारण सहा आठवड्यांच्या आत मेंदू व मणक्याला किरणोपचार सुरू व्हावेत, मग औषधे. तीन वर्षांखालील मुलांना मात्र किरण शक्यतो टाळून औषधांवर भर देतात. पुढे उंची, ऐकणे, अभ्यास यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षे चालतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील समाजसेवकाकडे करावी. काढलेल्या गाठीचे मेणातील ठोकळे, म्हणजे 'ब्लॉक', मागून घ्यावेत. चार प्रकारांपैकी गाठ कोणती, हे त्यांवरूनच कळते व दुसरे रुग्णालय तेच आधी मागते.